तबकड्यांची जमाबंदी

संगीताचा मोठा संग्रह करणाऱ्या गृहस्थाची मरणोत्तर कीर्ती बहुधा त्या संग्रहाच्या वजनावरून ठरते. हयातीत तो रसिक असतो, दर्दी असतो, शेजाऱ्यांच्या मते थोडासा विक्षिप्तही असतो. परंतु तो गेल्यावर, घराला रंग काढण्याच्या किंवा वाटण्या करण्याच्या निमित्ताने, चार धट्टीकट्टी माणसे जेव्हा त्याचे कपाट भिंतीपासून वीतभर सरकवू पाहतात आणि कपाट तसूभरही हलत नाही, तेव्हाच त्याने आयुष्यात काय करून ठेविले आहे याची कुटुंबाला यथार्थ कल्पना येते. ग्रंथसंग्रह असेल तर तो एखाद्या वाचनालयास देणगीदाखल देऊन छायाचित्र काढून घेता येते. पितळेची भांडी असतील तर ती मोडीत निघतात. परंतु मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या ही चीज अशी आहे, की ती द्यावी तर सहसा कोणी घेत नाही, टाकावी तर मन धजत नाही, आणि ऐकावी म्हटले तर दर तीन-साडेतीन मिनिटांनी बाजू उलटण्यासाठी कोणाला तरी उठावे लागते. ज्या कुटुंबात वाजणाऱ्या दाराच्या कडीला ओ देण्यास कोणी उठावे हा प्रश्न दोन पिढ्या अनिर्णित राहिलेला आहे, तेथे असा संग्रह मुकाट राहिला तर त्यात नवल नाही.

आमचे काका महसूल खात्यात अव्वल कारकून होते. सरकारी नोकरीने त्यांना वीस-बावीस वर्षे तालुक्यातालुक्यांतून हिंडविले, आणि ज्या गावी बदली होई त्या गावच्या बाजारातून, लिलावातून, एखाद्या मोडकळीस आलेल्या वाड्याच्या अडगळीतून त्यांनी तबकड्या जमविल्या. पुण्यास कामानिमित्त जाणे झाले, तर ते काम बुधवारी किंवा रविवारी निघेल अशी तजवीज ते करीत, कारण त्या दोन वारी तेथील जुना बाजार भरतो. प्रत्येक तबकडीची नोंद त्यांनी एका लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या वहीत केली होती. तीत रकाने पाच: अनुक्रमांक, तबकडीचा क्रमांक, खरेदीची तारीख व ठिकाण, किंमत, आणि शेरा. गायकाच्या नावाचा रकाना नव्हता. त्याविषयी कोणी विचारल्यास, गायकाचे नाव तबकडीवर छापलेलेच असते, एकच मजकूर दोन दप्तरांत ठेवणे हा शाईचा अपव्यय होय, असे ते सांगत. आणि महसूल खात्यातील मनुष्याने असे सांगितल्यावर प्रतिप्रश्न करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

त्या वहीतील शेऱ्याचा रकाना हा मात्र माझ्या मते मराठी संगीतसमीक्षेतील एक दुर्लक्षित ग्रंथ आहे. 'आवाज बरा. दर जास्त.' 'भैरवी. रात्री लावू नये. शेजाऱ्यांस पहाट झाल्याचा भास होऊन तक्रारी येतात.' फार जुन्या तबकड्या एकाच बाजूस मुद्रित केलेल्या असत. तशा एकीविषयी लिहिले आहे, 'मागील बाजू कोरी. सबब निम्मी किंमत देऊ केली. विक्रेता अडाणी, मान्य झाला नाही.' आणि दुसऱ्या एका ठिकाणी, 'गायन उत्तम. अखेरीस बाई स्वतःचे नाव मोठ्याने सांगतात. आवश्यकता दिसत नाही.'

हा शेवटचा शेरा किती अदूरदर्शीपणाचा होता, हे सिद्ध करण्यासाठी कृष्णामाईला यावे लागले.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. सांगलीचा मनुष्य काळ पंचांगावरून मोजतो आणि संकट आयर्विन पुलावरून. पुलापाशी पाणी 45 फुटांवर गेले की धोका, असा सरकारी दाखला असला तरी गावभागातील जुनी माणसे त्या आकड्याला पुरणपोळीपूर्वीच्या वरणभाताइतकेच महत्त्व देतात. 2005 सालच्या पुराने आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाण्याचे सौजन्य दाखविले होते. त्यामुळे तबकड्यांची कपाटे माडीवर न्यावीत, ही काकूंनी वर्षानुवर्षे मांडलेली सूचना, माडीच्या तुळयांना तो भार पेलणार नाही या काकांच्या हयातीतील निर्णयाच्या आधारे, प्रत्येक वेळी तहकूब होत राहिली. 2019च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेले. ग्रामोफोन तेवढा माडीवर होता म्हणून वाचला. कपाटांचे खालचे दोन कप्पे मात्र कित्येक दिवस पाण्यात राहिले.

पाणी ओसरल्यावर जे निष्पन्न झाले ते असे. कॅसेटींचा निकाल लागला होता. त्यांच्या फितींतून निघालेला चिखल पाहून त्यांत कधी काळी संतवाणी होती यावर विश्वास बसेना. लाँगप्लेच्या तबकड्या धुऊन निघाल्या, परंतु त्यांची वेष्टणे एकमेकांस चिकटून एकजीव झाली. गीतरामायणाच्या संचाची मुखपृष्ठे गेली, तरी त्यात फारसे बिघडले नाही. 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर ऐकविलेली ती 56 गीते ज्या घरात कोणत्याही क्रमाने लावली तरी ओळखता येत नाहीत, असे मराठी घर निदान आमच्या पेठेत नाही. खरा घोटाळा झाला तो लाखेच्या तबकड्यांचा. त्या स्वतः तग धरून राहिल्या, पण त्यांच्या मध्यभागची कागदी लेबले, कोणाची सुटून, कोणाची विरून, कोणाची चिखलाने एकरंगी होऊन, नामशेष झाली. कपाटात आता काळ्या, गोल, परस्परांपासून अभिन्न अशा शेकडो वस्तू होत्या, आणि त्यांपैकी कोणती कोण, हे सांगणारा एकमेव लेखी आधार असलेल्या वहीत गायकाच्या नावाचा रकानाच नव्हता.

तेव्हा त्या वर्षीच्या दिवाळीत समस्त कुटुंबाने एकत्र बसून तबकड्या ओळखून काढाव्यात, असे ठरले. ठराव माझ्या थोरल्या बंधूंनी मांडला. ते दिवाणी न्यायालयातील निवृत्त वकील असल्यामुळे, अध्यक्षपद त्यांच्याकडे मागण्यापूर्वीच गेले होते. त्यांचे जावई यंत्रविद्येतील पदवीधर. त्यांनी पुण्याहून एक विद्युच्चलित यंत्र आणले, कारण काकांच्या चावीच्या ग्रामोफोनाची कमान पूर्ण दमदार राहिलेली नव्हती. जावईबापूंची कन्या, म्हणजे बंधूंची नात, हिने आपल्या मोबाइलमध्ये अशी एक सोय असल्याचे सांगितले, की गाणे ऐकविताच तो गाण्याचे नाव, गायक आणि साल सांगतो. हे ऐकून बंधूंचा चेहरा उतरला. अध्यक्ष होऊन अर्धा तासही लोटला नव्हता.

प्रथम प्रश्न आला स्वच्छतेचा. जावईबापूंनी स्पिरिटाची बाटली व कापूस घेऊन पहिल्या तबकडीचा ताबा घेतला. पुराने फुगलेल्या दारांची डागडुजी करण्यासाठी त्याच दिवशी एक सुतार ओसरीवर काम करीत होता, त्याने रंधा बाजूला ठेवला आणि विचारले, "सायेब, त्ये लाखेचं हाय न्हवं? मग स्पिरिट कशापायी? लाख स्पिरिटात इरघळती. आमी त्येच तर करून दाराला पालिश लावतो." जावईबापूंनी तत्काळ मोबाइलवर शहानिशा केली आणि सुताराचे म्हणणे सर्वस्वी बरोबर निघाले: लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून या तबकड्या बनत, आणि त्यांतील लाखेला पाणी चालते, मद्यार्क चालत नाही. म्हणजे पुरातून जी वाचली ती गौहरजान आमच्या माजघरात पुसण्याच्या भरात पॉलिश होऊन दाराला लागली असती. त्यानंतर धुण्याचे काम वहिनींकडे गेले, आणि त्यांनी कोमट पाणी व सौम्य साबण यांखेरीज कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता ते पार पाडले.

दुसरा प्रश्न क्रमांकाचा. तबकडीच्या खोबण्या संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यात अगदी लहान आकडे उमटविलेले असतात, हे जावईबापूंच्या ध्यानी आले, आणि वहीतील दुसऱ्या रकान्याशी ते ताडून पाहावेत म्हणजे निम्मा खटला निकाली निघेल, असे त्यांनी जाहीर केले. एक संपूर्ण दुपार एकाने भिंगातून आकडे वाचावेत, दुसऱ्याने लिहून घ्यावेत, तिसऱ्याने वहीत शोधावेत, या रीतीने गेली. अखेर असे निष्पन्न झाले, की लाखेत उमटलेला क्रमांक हा कारखान्यातील साच्याचा, काकांनी लिहिलेला क्रमांक हा लेबलावरील विक्रीचा, आणि या दोहोंचा परस्परांशी सहसा काही संबंध नसतो. या शोधाचा एकच लाभ झाला. वहीतील क्रमांक संगणकावर चढविताना जावईबापूंना असे दिसले, की एकच क्रमांक तीनदा आलेला आहे. म्हणजे एकच तबकडी काकांनी 1951, 1953 आणि 1956 अशा तीन वर्षी, तीन वेगवेगळ्या गावी, पुन्हा पुन्हा खरेदी केली होती. नंतरच्या दोन्ही ठिकाणी शेरा एकच: 'पूर्वीची झिजली.'

"अब्दुल करीम खाँ," बंधू म्हणाले. त्यांच्या मते यात पुराव्याची गरज नव्हती. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब विसावले आहेत ते मिरज आमच्यापासून दोन-अडीच कोसांवर. 1937 साली ते गेले, तरी आमच्या भागात ज्याच्या आजोबांनी खाँसाहेबांची बैठक समक्ष ऐकली नाही असा मनुष्य आजही सापडावयाचा नाही. हे सर्व आजोबा खरोखरच त्या बैठकांना हजर असते, तर खाँसाहेबांना कृष्णेच्या वाळवंटात मांडव घालून गावे लागले असते. काका तर त्यांचे निस्सीम भक्त. शास्त्रोक्त संगीताखेरीज अन्य काही कानी पडल्यास ते कानाला हात लावीत, आणि वहिनी लग्न होऊन घरात आल्या त्या पहिल्याच वर्षी, रेडिओवर त्या सिलोन लावतात हे कळताच, 'या घरात खाँसाहेब वाजतात' एवढे एकच वाक्य त्यांनी वहिनींच्या दिशेने उच्चारले होते. वहिनींनी ते अद्यापि कोणास परत केलेले नव्हते.

प्रत्यक्ष ओळखपरेड सुरू झाली, तेव्हा पहिला पराभव मोबाइलचा झाला. खरखरीच्या पडद्याआडून येणारा एक ख्याल त्याने लक्षपूर्वक ऐकला, काही काळ चिंतन केले, आणि ते कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाचे नृत्यसंगीत असल्याचा निर्वाळा दिला. बंधूंचा चेहरा पूर्ववत झाला. यानंतर जो वाद उद्भवला तो मात्र मूलभूत होता: गाणारी व्यक्ती पुरुष की स्त्री? वाचकांस हा प्रश्न सोपा वाटेल. पण जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत. मुद्रणाच्या वेळी यंत्र जरा सावकाश चालले असेल, तर आता 78ने लावताना मर्दानी आवाज किनरा होतो. जावईबापू वेग कमी करू लागले, की काही फेऱ्यांतच एक तरुणी प्रौढ होत होत अखेर गृहस्थ होई. त्यात महाराष्ट्राच्या रंगभूमीचा इतिहास असा, की ज्यांचे शालू-पैठणी नेसणे कुलीन स्त्रियांनी अनुकरणासाठी पाहावे ते बालगंधर्व पुरुष. आणि जिचा खर्जातील भरदार आवाज ऐकून अनोळखी मनुष्याने 'बुवा' म्हणावे त्या गंगूबाई हनगल स्त्री. पुन्हा गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघालेल्या, आणि त्यांत आवाज उंच नि बारीक. पुढे घशावर उपचार झाले, तेव्हा तो ढाला झाला. म्हणजे एकाच बाईंच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी वाजविल्या, तर एकीवरून दुसरी ओळखण्याची सोय नाही. बंधूंनी एका तबकडीस 'पुरुष, बहुधा स्त्रीपार्टी', दुसरीस 'स्त्री, पुरुषी घाटाची', आणि तिसरीस 'संशयाचा फायदा' असे शेरे देऊन तो विषय पुढील तारखेस नेमून दिला.

या सर्व गोंधळात ज्या थोड्या तबकड्या निर्विवाद ओळखू आल्या, त्या काकांनी ज्यांना नावे ठेविली होती त्याच. 1902 साली कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग नामक साहेबाने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव पुकारले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यात आत्मप्रौढी नव्हती. मुद्रणे त्या काळी जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जात. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गाण्यातले काय कळणार? कोणाच्या तबकडीवर कोणाचे लेबल लावावे एवढे तरी समजावे, म्हणून गाणाऱ्याने नाव सांगण्याची चाल पडली. पुढे 1908 साली कलकत्त्यासच कारखाना निघाला, लेबले चिकटविणारी माणसे आपली झाली, आणि गवयांनी ती चाल हळूहळू सोडून दिली. शंभरांहून अधिक वर्षांनी आमच्या माजघरात एक अपरिचित बाई तीन मिनिटे गाऊन, दम घेऊन, ठणठणीत आवाजात आपले नाव सांगून मोकळ्या झाल्या, तेव्हा सर्व मंडळींनी टाळ्या वाजविल्या. आणि कागदावर विसंबून राहिलेले त्यांच्यामागचे सगळे खानदानी गवई, बिननावाचे, कपाटाशी टेकून उभे होते. छापील दाखल्यावर इतका भरवसा टाकावा काय, हा प्रश्न महसूल खात्याच्या वारसांनीच उपस्थित करावा हे मला त्या वेळी काहीसे अनुचित वाटले.

काकू या वेळपर्यंत दाराशी आरामखुर्चीत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येते, अशी कुटुंबात सर्वसंमती असल्याने त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. एका तबकडीवर सुई टेकली, अजून नुसती खरखरच चालू होती, तंबोऱ्याचाही पत्ता नव्हता, तोच काकू वातीवरची नजर न काढता म्हणाल्या, "खाँसाहेब. हिला सुरुवातीलाच दोन टिचक्या आहेत." दोन टिचक्या वाजल्या आणि मागून खाँसाहेबांचा सूर लागला. बंधूंनी हा योगायोग असल्याचे नमूद केले. थोड्या वेळाने तसाच दुसरा योगायोग झाला. मग तिसरा.

परंतु त्याच सुमारास बंधूंना पुराव्याचा एक सर्वस्वी नवा प्रकार गवसल्यामुळे त्यांचे तिकडे लक्ष राहिले नाही. धुऊन वाळत ठेवलेल्या तबकड्या उन्हात तिरप्या धरल्या असता काही काळ्याभोर चकाकत, तर काही राखेसारख्या करड्या दिसत. जावईबापूंनी कारण सांगितले. लाखेत दगडाची भुकटी मिसळतात ती मुद्दाम. पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांत त्या भुकटीवर घासून खोबणीच्या मापाचे व्हावे म्हणून. मात्र सुई अशी एकदा घासली गेली, की तिला धारदार कडा येतात, आणि तीच सुई पुढच्या गाण्याला लावली तर ती खोबणीच्या भिंती खरवडीत जाते; म्हणून डबीवर स्पष्ट सूचना छापलेली असे, की एका बाजूस एक सुई. वारंवार वाजविलेली तबकडी करडी पडते ती याच खरवडण्याने. बंधूंनी यातून कायदेशीर निष्कर्ष काढला: जी करडी ती पुष्कळ वाजली, जी चकाकते ती वाजली नाही. मनुष्य आवडीनिवडीविषयी खोटे बोलेल, पण तबकडी बोलणार नाही.

हा निकष लावल्यावर जे दृश्य दिसले, त्याने माजघरात क्षणभर स्मशानशांतता पसरली. खाँसाहेबांच्या म्हणून निश्चित झालेल्या सगळ्या तबकड्या काल कारखान्यातून आल्यासारख्या चकाकत होत्या. केसरबाई चकाकत होत्या. हिराबाई बडोदेकर चकाकत होत्या. आणि साऱ्या संग्रहात अगदी पांढुरक्या होईतो करड्या पडलेल्या ज्या तीन तबकड्या होत्या, त्या वाजविल्या तेव्हा तिन्हींतून एकच गाणे निघाले. आणि ते 1951 सालच्या 'अलबेला' या चित्रपटातील, सी. रामचंद्रांच्या चालीवरचे, ज्यांवर भगवानदादांनी कंबर हलविली आणि त्यांच्यामागोमाग साऱ्या हिंदुस्थानने हलविली, त्यांपैकी एक होते. 'पूर्वीची झिजली' या शेऱ्याचा उलगडा झाला.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि, "या घरात खाँसाहेब वाजतात," एवढे एकच वाक्य, इतक्या वर्षांनी, बिनव्याजी परत केले.

बंधूंनी काकांची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला, हे नमूद करणे न्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे, की 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांस रजा दिली. सरकारने जे सरकारी केंद्रावरून वर्ज्य केले, ते सरकारी नोकराने ऐकणे यात सेवानियमांचा प्रश्न उपस्थित होतो. तेव्हा काकांनी ही तबकडी 1953 व 1956 साली घेतली असल्यास ती कोणा दुसऱ्यासाठी घेतली असली पाहिजे. "कोणासाठी?" वहिनींनी विचारले. बंधूंनी, आणि त्यांच्यामागोमाग आम्ही सर्वांनी, दाराकडे पाहिले.

काकूंनी वातींचे तबक खाली ठेविले. "माझ्याकडे काय बघता? मला कधी सोसलं नाही ते. कचेरीतून आले की हे माडीवर जायचे, दार लावून घ्यायचे, आणि मग वरनं पावलं ऐकू यायची. तुळया हलायच्या. म्हणून तर कपाटं वर न्यायला भीत होते."

माडीच्या तुळयांविषयी काकांनी दिलेला तांत्रिक अभिप्राय कोणत्या निरीक्षणावर आधारलेला होता, हे अशा रीतीने उघडकीस आले. धोतराचा काचा मारलेला, कपाळावर चष्मा चढविलेला, जमाबंदीच्या कामात तालुक्यात ज्यांचा दरारा होता असा अव्वल कारकून बंद दाराआड भगवानदादांचे अनुकरण करीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास आम्हा प्रत्येकाला निरनिराळा वेळ लागला. नातीला मुळीच लागला नाही.

"पण मग खाँसाहेब?" बंधू क्षीण स्वरात म्हणाले. "ते तर कुणी वाजवलेच नाहीत, काकू. तबकड्या कोऱ्या आहेत."

"कोऱ्या कशानं? रोज दुपारी लावत होते मी. हे कचेरीत, तुम्ही पोरं शाळेत. दोन वर्षं नाही, तीस वर्षं."

"रोज? मग झिजल्या कशा नाहीत?"

"सुई बदलायची दर वेळी. डबीवर लिहिलेलं असतं की."

येथे जावईबापूंनी मान डोलाविली, परंतु बंधूंनी वही उघडली. काकांनी सुयांचाही हिशेब ठेविला होता हे मी सांगावयाचे राहिले. कुत्रा कर्ण्यापुढे कान देऊन बसला आहे अशा चित्राची, दोनशे सुयांची पत्र्याची डबी. दरमहा पहिल्या तारखेस ती पालथी घालून मोजणी होई, आणि वहीच्या मागील पानांवर तिची नोंद. काकूंनी रोज नव्या सुया वापरल्या असत्या, तर तूट दिसली असती. बंधूंनी पानामागून पान उलटले. 'सुया मोजल्या. बरोबर.' 'मोजल्या. बरोबर.' 'बरोबर.' वर्षानुवर्षे एका सुईची तूट नाही. मात्र अधूनमधून एक वेगळाच शेरा आढळत होता: 'हल्लीच्या सुया निकृष्ट येतात. नवी डबी फोडली तरी तबकडीवर खरवडल्यासारखा आवाज. विक्रेत्यास लेखी कळविले.' पुढे: 'विक्रेता बदलला. फरक नाही.' आणखी पुढे: 'तिसरा विक्रेता. हाही तसाच. एकूण व्यापारी वर्गाची नीतिमत्ता खालावली आहे.'

"तूट कशी दिसेल?" काकू म्हणाल्या. "वापरलेली सुई मी परत डबीतच टाकत होते. हे मोजायचे."

बंधूंनी वही मिटली. अफरातफर म्हणावी, तर ऐवज जागच्या जागी; फसवणूक म्हणावी, तर मुदत कधीच टळून गेलेली; आणि फिर्यादी हजर नाही. 1977 साली अमेरिकेने अंतराळात जी दोन याने सोडली, त्यांतील तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे आणि सोबत ती वाजविण्यास सुईही दिलेली आहे, ही माहिती जावईबापूंनी वातावरण हलके करण्यासाठी सांगितली. त्यावर वहिनींनी, सुई नवी दिली आहे ना, एवढेच विचारले.

मग काकूंनी पुन्हा तबक मांडीवर घेतले आणि नातीला म्हणाल्या, "आता ती त्यांची लाव गं एकदा. पण नवी सुई घाल. त्यांना कधी मिळालीच नाही."

एवढी झिजलेली तबकडी नव्या सुईनेही सुधारत नाही, आणि विद्युतयंत्रात अशा सुया मुळी बसतच नाहीत, याचे शास्त्रीय कारण सांगण्यास जावईबापूंनी प्रारंभ केला. पण वहिनींनी त्यांच्या हाती चकलीची बशी दिली, आणि नात काकांचा ग्रामोफोन आणावयास माडीकडे निघाली.